चाकाची वीस

आत्ये, काल तुझं बारावं झालं आणि मला अजून रडू आलेलं नाही. तुझी सून रंजना रडली, तुझा दिनेश मागच्या दारी जाऊन नाक पुसून आला. मी पंगतीत वाढत होते. कुणाला भात, कुणाला आमटी, कुणाचं पान रिकामं आहे, एवढंच बघत होते. एक म्हातारी म्हणाली, भाची घट्ट आहे हो. घट्ट कसली डोंबलाची. आत काही हलतच नाहीये, इतकंच.

पंगतीतल्या बायका तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होत्या. तुझी सुकी करंदी, गिऱ्हाइकाला चार शिव्या घातल्या तरी ते परत तुझ्याकडेच कसं यायचं, ते सगळं निघालं. मग एकीने सुस्कारा टाकला आणि म्हणाली की शेवटी शेवटी बिचारीचं डोकंच गेलं होतं, हातातली नोटसुद्धा ओळखेना. बाकीच्यांनी च् च् केलं. मी आमटीची बादली घेऊन समोरच उभी होते. तुझं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत ठिकाणावर होतं. ते गेलं असं पहिल्यांदा बोलले मी, घरच्यांना पटवलं मी, आणि त्या जोरावर तुला मासळीबाजारातल्या जागेवरून उठवलं तेही मीच. हे तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पुढच्या पानावर आमटी वाढली आणि सरकले.

तू होतीस तेव्हा सांगितलं नाही, काल पंगतीतही सांगितलं नाही. म्हणून आज लिहायला बसले आहे. तुला वाचता यायचं नाही हे माहीत आहे मला. हसू नकोस.

अक्षर ओळखीचं नसताना तू सगळा जन्म बोईसरच्या बाजारात बसलीस, ते नोटांवरच्या चित्रांच्या भरवशावर. शाळेसाठी मी चिंचणीला तुझ्याकडे राहायला आले तेव्हा तू मला तुझ्या नोटा शिकवल्यास. आकडे मला येत होते, पण तुझ्या घरात आकड्यांना कोण विचारतंय. पाचाची नोट ट्रॅक्टरची. दहाची मोराची. पन्नासाची गोल घराची. दोनाच्या नोटेवर मागे आपला पहिला उपग्रह होता, तो बाईंनी वर्गात फळ्यावर काढून समजावला होता. घरी येऊन मोठ्या ऐटीत तुला सांगितलं, तर तू नोट उन्हात धरलीस आणि म्हणालीस, खुळी का काय, हा तर आकाशकंदील. बघितलं तर खरंच, तसेच कोन, तसेच पैलू. आजही ती नोट समोर आली की माझ्या तोंडात आधी आकाशकंदीलच येतो. आणि वीस म्हणजे चाकाची. ते कोणार्कच्या देवळातल्या रथाचं चाक, पण तुला रथाशी काही देणंघेणं नव्हतं. चाक दिसलं की वीस, विषय संपला.

नोटेची पुढची बाजू तू बघायचीसच नाहीस. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, पुढची बाजू सरकारची, मागची आमची. तेव्हा मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं. पुढे मी नोटांच्या चित्रांची वही करायला घेतली, तेव्हा पहिल्या पानावर तुझं हेच वाक्य लिहिलं. आणि खरंच होतं ते. पुढे आधी राजाचं डोकं होतं, मग खांबाचे सिंह आले, मग बापू आले. एका काळात बघशील तर सगळ्या नोटांना पुढून तोंडावळा एकच. देश काय करतोय, कुठे काय बांधतोय, कशाचा अभिमान वाटतोय, ते सगळं पाठीमागे. आधी वाघ, हरणं, गलबत. मग धरण, ट्रॅक्टर, उपग्रह, जसं काही देशाने नवीन घर बांधायला काढलंय आणि आल्यागेल्याला दाखवतोय. आता सगळ्या जुन्या वास्तू, लेणी, किल्ला, विहीर. एक रुपयाच्या नोटेवर समुद्रातली तेलाची विहीर आहे ना, ती तू मला कुणी सांगायच्या आत ओळखली होतीस. आपल्या बोटी खोल पाण्यात जायच्या तेव्हा आतोबांना असलेच सांगाडे दिसायचे.

तुझ्या पेटीत एक जुनी दहाची होती, शिडाच्या गलबताची. नवी नवरी होतीस, पहिल्यांदा मासळीची पाटी घेऊन बसलीस, त्या दिवशीची, म्हणून कधी मोडली नाहीस. तिच्यावरून आपण किती वर्षं भांडलो. तुझं म्हणणं असं की चित्र काढणारा जन्मात कधी होडीत बसला नव्हता, शीड एका वाऱ्याने फुगलंय आणि पाणी दुसऱ्या वाऱ्याने हलतंय. मी भिंग लावून बघितलं. मला तसं काही दिसलं नाही आणि मी तसं बोलले. तू म्हणालीस, भिंगातनं वारा दिसतो काय गं? तो वाद तसाच राहिला.

दांडीचाही तसाच राहिला. जुन्या पाचशेच्या नोटेवर मागे बापू पुढे आणि माणसं त्यांच्या मागे चालताहेत, ते चित्र होतं. दिनेश कॉलेजात होता, तो म्हणाला, ही दांडीयात्रा. तू एकदम ताठ बसलीस. दांडी म्हणजे आपली, उच्छेळीच्या शेजारची, तुझ्या माहेरची नाती जिथं आहेत ती दांडी. मिठागरं आपल्याकडे, मीठ आपल्याकडे, मग बापू आणखी कुठे जाणार? मी समजावलं की ती दांडी गुजरातेत. नकाशा काढून दाखवला. तू नकाशा दूर सारलास आणि बाजारात ज्याला त्याला सांगायला लागलीस की पाचशेच्या नोटेवर आमच्या दांडीची वाट आहे. कितीतरी गिऱ्हाइकं ते खरं मानून गेली असतील. त्यातली काही अजून कुठेतरी छातीठोक सांगत असतील.

पण तुझ्या नजरेला कुणी हात लावू नये. गोल घराच्या पन्नासाचं मला आठवतं. मी आठवीत असेन. तू एक जुनी नोट आणि एक नवी शेजारी ठेवून म्हणालीस, हिच्यावर झेंडा हाय, हिच्यावर नुसती काठी. मी म्हटलं, काहीतरीच काय. मग बघितलं. खरंच एकीवर संसदेच्या घुमटापाशी नुसता खांब, दुसरीवर झेंडा. पुढे नोटा जमवणाऱ्या लोकांत वावरायला लागले तेव्हा कळलं की ही मोठी ऐकीव गोष्ट आहे, सुरुवातीला झेंडा राहूनच गेला होता आणि मागाहून घातला. त्या लोकांनी मला ते भारी गुपित सांगतोय अशा थाटात सांगितलं. मी म्हटलं, हे मला आमच्या आत्याने मासळी विकता विकता सांगितलंय. कुणाला खरं वाटलं नाही.

आणि 'धा'. नोटेच्या मागे एका पट्टीत पंधरा भाषा असतात, एकाखाली एक. एकदा तू म्हणालीस, आपली कुठली ते दाखव. मी मराठीची ओळ दाखवली आणि वाचली, दहा रुपये. तू तोंड वाकडं केलंस. मग मी वरची कोकणीची वाचली, धा रुपया. तुझा चेहरा असा खुलला की काय सांगू. ही आपली, म्हणालीस, आमी धा बोलतो, दहा कोण बोलतं, मास्तर लोक. मी म्हटलं, अगं ती गोव्याकडची. तू म्हणालीस, असू दे, मना चालते.

मी मात्र रंगांची माणूस झाले. कुंभवलीजवळच्या रंगाच्या कारखान्यात लागले, ती आजतागायत तिथेच. माझं काम शेड जुळवायचं. रंगवलेल्या कापडाचा तुकडा मंजूर तुकड्याशेजारी ठेवायचा, आधी उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात, मग दिव्यांच्या पेटीत, आणि सांगायचं, पास की नापास. कंपनी दर वर्षी आमची नजर तपासते, रंगीत टोपणं देतात, फिक्यापासून गडदापर्यंत ओळीने लावायची. माझी ओळ चुकत नाही. तुला याचं केवढं कौतुक. बाजारात सांगायचीस की आमची पोर रंगांची डॉक्टर आहे, निळ्यातला निळा वेगळा काढते.

त्यामुळे आपलं तिसरं भांडण. मी म्हणायचे, नोट रंगावरून ओळखायची, चित्रं काय, सरकार बदलतंच. तू म्हणायचीस, रंग कशाचा, घामाने, पाण्याने, खवल्यांनी दोन दिवसांत सगळ्या नोटा एकाच रंगाच्या होतात, चित्र कुठे जातंय? तुझ्या पाटीपुरतं तुझं बरोबर होतं, माझ्या खिडकीपुरतं माझं.

मग जुन्या नोटा बंद झाल्या आणि एकेक करून नवीन यायला लागल्या. माझ्यासारखीला दिवाळीच. पिवळीजर्द दोनशे, जांभळट शंभर, आकाशी निळी पन्नास, चॉकलेटी दहा. दर नवी नोट मी आधी तुझ्याकडे घेऊन यायचे आणि तू नाव ठेवायचीस. दोनशेवर सांचीचा स्तूप, ती उपड्या पाटीची. शंभरावर पायऱ्यांची विहीर, ती विहिरीची. विसाची लेण्याची. आणि दहाची आली तेव्हा तू ती उलटी केलीस आणि तिच्यावरून अंगठा फिरवत राहिलीस. मागे चाक होतं. तेच कोणार्कचं चाक, विसाचं, कित्येक वर्षांनी परत आलेलं, पण दहाच्या पाठीवर. तू म्हणालीस, चाक तर विसाचं. मी हसले आणि म्हटलं, आता दहाचं झालं. तू मान हलवलीस. ती हो म्हणून हलवली नव्हतीस, हे आता कळतंय.

त्यानंतर तुझ्याकडून चुका व्हायला लागल्या. दहाची घेऊन विसाची धरायचीस. एकदा, दोनदा, चारदा. रंजनाने मला सांगितलं, मी दिनेशला. आत्या विसरायला लागली, मी म्हटलं. नीट ऐक, आत्ये, ही माझी पहिली चूक. तू विसरत नव्हतीस. तुला फार आठवत होतं. सगळ्या देशात ते चाक विसाचं होतं हे ज्यांच्या लक्षात होतं, त्यांत तू होतीस, आणि त्याच्यावरून मी तुला विसराळू ठरवलं.

दुसरी चूक त्याहून वाईट. तू सारखी म्हणायला लागलीस की हल्ली नोटा फिक्या छापतात. निळी धड निळी नाय, हिरवी धड हिरवी नाय, सगळ्या राखेत लोळवल्यासारख्या. आणि मी काय केलं? मी तुला व्याख्यान दिलं. नवीन मालिकेत रंग कसे मुद्दाम वेगवेगळे ठेवलेत, शाई कशी वेगळी, पाचशेची दगडी राखाडीच आहे, मुद्दामच तशी केली आहे. म्हटलं, फिक्या नाहीत, उलट जास्त भडक आहेत. वहीतले फोटो दाखवले. तू बघितलेस आणि म्हणालीस, हे पण फिके. मला हसू आलं. रंग बघून पोट भरणारी बाई मी. घरातलं माणूस समोर बसून सांगतंय की जगातला निळा रंग चाललाय, आणि मी तिला छपाईचा इतिहास सांगतेय.

मग ते पाचशेचं झालं. सालवडला खोली करून राहणारा एक कामगार होता, रविवारी तुझ्याकडून बोंबील न्यायचा. तू त्याला विसाची म्हणून पाचशेची परत दिलीस. तो रस्ता ओलांडून माघारी आला आणि तुझ्या हातात नोट ठेवून म्हणाला, मौसी, ये पाँच सौ है, संभालो. भला माणूस. मी त्या दिवशी तिथेच होते, तुझ्यासाठी डबा घेऊन आले होते. बायकांच्या सगळ्या ओळीने बघितलं. तुझा चेहरा मी बघितला. शरमेने काळा पडला होता, आणि मला वाटलं, झालं, ही गेली.

पुढच्या रविवारी मी आणि दिनेश तुझ्यासमोर बसलो. बोलले मीच, दिनेशची हिंमत नव्हती. आत्ये, आता पुरे, तुला आठवत नाही, लोक फसवतील, रंजना बसेल तुझ्या जागी. तू आधी माझ्याकडे बघितलंस, मग दिनेशकडे. नोटा वायट छापल्या हायत, मी काय करू, म्हणालीस. मी म्हटलं, नोटा सगळ्यांना सारख्याच आहेत. तू हट्टाला पेटशील, शिव्या घालशील, असं धरून मी तयारीत आले होते. तू उठलीस आणि पाटी धुवून रंजनापुढे ठेवलीस. तितक्या सहज का ऐकलंस, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मला उलट सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचे महिने तू दारात बसून काढलेस. कुणी विचारलं तर मी सांगायचे, आत्याला आता लक्षात राहत नाही. शेजारी, नातेवाईक, माझ्या कंपनीतली माणसं, सगळ्यांना. तू ऐकत असायचीस. एकदाही नाही म्हणाली नाहीस.

पायरीवरून पडलीस म्हणून पालघरला डॉक्टरांकडे नेलं, हाड शाबूत होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी तुझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि माझ्याकडे वळून विचारलं की यांना कधीपासून दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून तपकिरी झालेला. त्या म्हणाल्या, असं झालं की सगळं पिवळट चष्म्यातून बघितल्यासारखं होतं, सगळ्यात आधी निळा जातो. मला हे माहीत होतं गं. आमच्या नजरतपासणीच्या कागदावर हेच लिहिलेलं असतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या दिवशी मी तुझ्या शेजारी होते. मुद्दाम नाही, औषधं आणायची म्हणून माझ्या हातात पन्नासाची नवी नोट होती. तू ती ओढून घेतलीस. चांगल्या डोळ्यासमोर धरलीस, लांब केलीस, परत जवळ आणलीस. "एवडी निळी?" म्हणालीस.

मी हो म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मी तुझ्याकडे. सांगायची वेळ ती होती. दोन वाक्यं फक्त. आत्ये, तुझं डोकं ठीक होतं. चूक माझी झाली. मी तोंड उघडतेय तोवर तू म्हणालीस, जा, औषधं घेऊन ये, दुकान बंद करंल. आणि मी गेले. सुटल्यासारखी पळत गेले. परत आले तर तू दुसराच विषय काढलास, रंजनाला मासळी नीट कापता येत नाही तो.

घरी आल्यावर दिनेश म्हणाला होता, आता बसायचं का परत जागेवर? तू म्हणालीस, रंजनाला सवय झाली, आता तिची जागा ती. दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतली होती. त्याच्या आधी एका सकाळी चहा पिता पिता तू गेलीस. हृदय, म्हणाले डॉक्टर. दिनेशचा फोन आला तेव्हा मी खिडकीपाशी होते, हातात तुकडा होता, तो पास केला आणि मग निघाले. माझं हे असं चाललंय. हात कामं करतात.

काल पंगत उठल्यावर भांडी घासताना एवढंच डोक्यात होतं की आता ही बाई सगळ्यांच्या लेखी कायमची डोकं गेलेली राहणार. तुझा फोटो लावतील, हार घालतील, आणि आल्यागेल्याला सांगतील की शेवटी नोट ओळखेना. तू, जिने झेंडा नसलेली नोट ओळखली.

म्हणून आज सकाळी कामावर जायच्या आधी बाजारात गेले. रंजना अजून बसायला लागलेली नाही, तुझी जागा मोकळी होती. शेजारी जयवंती मावशी होती, जन्मभर तुझ्या उजव्या हाताला बसलेली, तुझ्याशी रोज भांडणारी. बोंबील साफ करत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं, की आत्याचं डोकं गेलं नव्हतं, तिला दिसत नव्हतं, मी चुकले आणि चुकीचं सगळ्यांना सांगत फिरले.

तिने मान वर केली नाही. "ठाव हाय," म्हणाली.

मग कापता कापता सांगत गेली. मी तुला उठवायच्या आधी वर्षभर ती तुझे डोळे होती. गिऱ्हाइकाने नोट दिली की तू ती मांडीवर उलटी धरायचीस, आणि ती आपल्या पाटीकडे बघत हळूच चित्राचं नाव घ्यायची. लेणी. विहीर. उपडी पाटी. चाक असलं की चाक, आणि वर 'नवं', म्हणजे दहा. गिऱ्हाइकाला वाटायचं म्हाताऱ्या आपसात काहीतरी पुटपुटतायत. दहाचं चाक सुरुवातीला तुझ्या जिभेवर बसेना, तेवढंच चुकायचं. पाचशेचं झालं त्या दिवशी मावशी लग्नाला गेली होती.

तुझ्याच जागेवर, ओल्या दगडावर बसले. विचारलं, मग आत्याने मला का नाही सांगितलं? ऑपरेशनला घाबरत होती का?

मावशी म्हणाली, ते तर होतंच, सुरीला भ्यायची. पण तेवढंच नव्हतं. तिने सुरी खाली ठेवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मीच बोलले तिला, भाचीला सांग, ती रंगातली हाय, लगेच समजंल. तर मना बोलली, तेच तर. तिचं काम डोळ्यांचं. घरातल्या बाईचे डोळे गेले नि आपल्याला समजलं नाय, हे तिला कळलं, तर ती परत सवताच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायची नाय. त्यापरीस माजं डोकं गेलं बोलतात, तर बोलू दे."

बाजार चालू होता. कुणीतरी मावशीला भाव विचारला, तिने सांगितला. मग ती मला म्हणाली की आता झालं ते झालं, तू हे लोकांना सांगत बसू नकोस, तिला नको होतं. तिचं ऐक.

आत्ये, जन्मभर तुझं ऐकलं नाही ते नाहीच. नकाशाचं नाही, वाऱ्याचं नाही, फिक्या नोटांचं तर नाहीच नाही. हेही ऐकणार नाही. राग आला तर येऊ दे.

मी उठले आणि पुढच्या बाईकडे गेले. तिला सांगितलं. मग तिच्या पुढचीला. सुकी मासळीवाल्या, कोळंबीवाल्या, कोपऱ्यातली खेकडेवाली, ओळीत जेवढ्या होत्या तेवढ्या सगळ्यांना, एकेकीसमोर उभी राहून. कुणी ऐकलं, कुणी गिऱ्हाईक सांभाळत हं हं केलं. शेवटच्या म्हातारीला कमी ऐकू येतं. तिने कानाला हात लावला आणि म्हणाली, काय झालं तुज्या आत्याचं? तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं, ओरडून, आणि अख्खा बाजार वळून बघायला लागला. आत्याला दिसत नव्हतं, मावशी, आणि ते मला दिसलं नाही.